बिननावाचे मेसेज

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. वडील नायगावात गवंड्याच्या हाताखाली कामाला जायचे, आई शेतात मजुरीला. मी वस्तीतल्या विहारात बसून अभ्यास केला, नांदेडला राहून एम.एस.डब्ल्यू. झाले आणि लातूर जिल्ह्यात, जळकोटच्या बाजूला, एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागले. वडील पहिल्यांदा माझी खोली बघायला आले तेव्हा दारावरची पाटी त्यांनी अक्षराला अक्षर लावून वाचली आणि विचारलं, "म्हंजे तू नेमकं काय करतीस?"

"वयात येणाऱ्या पोरापोरींशी बोलते, पप्पा. त्यांच्या तब्येतीबद्दल."

"निस्तं बोलतीस?"

"हाव."

"आन् त्याचा पगार देतेत?" असं म्हणून ते इतके हसले की शेजारच्या इंजेक्शनच्या खोलीतून सिस्टर बघायला आल्या.

निस्तं बोलणं किती अवघड असतं ते वडिलांना सांगून पटलं नसतं. पोरं येतात, खाली बघतात, पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडतात. एखादी पोरगी तीन वाक्यं बोलली की दिवस चांगला गेला असं मी समजते. गोळ्या घेऊन ती गावी गेली की महिनाभर तिचं-माझं काही नाही. पुढच्या बारीला आली तर आली. मधल्या दिवसांत तिनं काय खाल्लं, गोळी घेतली का, कुणाला काय विचारलं, काही कळत नाही. म्हणून लातूरला आमचं एक प्रशिक्षण झालं आणि त्यात ठरलं की दोन भेटींच्या मधे पोरांना मेसेज पाठवायचे. दवाखान्यानं त्यासाठी एक साधा फोन दिला.

तयार मजकूर आला होता. वाचून मलाच झोप आली. 'लोहयुक्त आहाराचे सेवन करावे.' कोण करणार सेवन? मी ते सगळे मेसेज बाजूला ठेवले आणि स्वतः लिहायला बसले. 'आज जेवणानंतर गोळी घेतली का? गोळीनंतर तासभर चहा नको. लिंबू पिळून खाल्लं तर अजून चांगलं. - दवाखान्यातली ताई.' दुसरा असा: 'गोळीनं शौचाला काळी होते. घाबरायचं काही नाही.' सिस्टरांनी हा वाचला आणि म्हणाल्या, "मॅडमबाई, एम.एस.डब्ल्यू. ह्याच्यासाठी केलं व्हय?" पण त्यांना आवडला होता. मला कळतं.

एक नियम मात्र कडक होता. मेसेजमध्ये नाव घालायचं नाही, आजाराचंही नाव घालायचं नाही. घरात फोन एकच असतो, तो कुणाच्याही हातात पडतो. पोरीची गोष्ट चार लोकांत जायला नको. हा नियम मला मनापासून पटलेला होता. प्रशिक्षणात मी उठून त्याच्या बाजूनं बोललेसुद्धा होते.

त्याच सुमारास ती आली. अकरावीची पोरगी, उंच, अंगात ट्रॅकपँट. पोलीस भरतीसाठी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर पळायची आणि पळताना चक्कर येऊन पडली होती. तिच्या मैत्रिणीनं स्कूटीवर मागं बसवून आणलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात, हवं बारा. डॉक्टर म्हणाले, एवढ्या रक्तावर पळणं बंद, रोज गोळी, महिन्यानं परत ये, वाढलं नाही तर लातूरला पाठवावं लागेल. ती मान हलवत राहिली. डॉक्टर उठून गेल्यावर माझ्याकडं वळली.

"मॅडम, घरी सांगू नका."

"का गं?"

"पप्पांनी आधीच सांगून ठेवलंय. चक्कर-बिक्कर आली तर पळणं बंद, कॉलेजबी बंद. पाहुणे बघू म्हणतेत."

"इथलं इथंच राहतं," मी म्हणाले. हे मी सगळ्यांना सांगते. मग तिच्याकडून घरचा नंबर घेतला.

सिस्टर पडद्यापलीकडून ऐकत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "सात रक्त म्हंजे गंमत न्हाई. बापाला बोलवा."

"बापाला बोलावलं तर ती परत यायची नाही."

"आन् न्हाई बोलवलं तर?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं मेसेज हेच होतं.

आणि काय सांगू, त्या नंबरावरून उत्तरं यायला लागली! बाकीची पोरं गप्प. आठ मेसेज टाकले तर एखाद्याचं उत्तर येणार. ह्या नंबरावर मेसेज गेला की मिनिटभरात 'हाव ताई'. गोळी घेतली का? 'हाव ताई.' चहा प्यायला नाही ना? 'न्हाई ताई, नंतर घेतला.' मी फोन घेऊन सिस्टरांकडं जायची आणि त्यांच्या नाकासमोर धरायची. मग उत्तरं लांब होऊ लागली. शेंगदाणे चालतेत का. गूळ किती खावा. पोट गच्च वाटायलंय. मी सगळ्याला उत्तर द्यायची. पोरगी हुशार आहे, समोर लाजते पण लिहिताना मोकळी होते, असं मी डॉक्टरांना सांगितलं. मेसेजचा फायदा तो हाच, असंही मी म्हणाले.

एके दिवशी मेसेज आला: 'ताई पाळी आठ नऊ दिवस चालायली. थांबना गेली.'

मी खुर्चीत सरळ बसले. एवढं रक्त का कमी झालं त्याचं कारण समोर आलं होतं. मी विचारलं, पॅड की कपडा? दिवसातून किती वेळा बदलावा लागतो? गाठी पडतात का? 'थांबा जरा,' असं उत्तर आलं. बऱ्याच वेळानं पुढचं आलं. कपडा. चार-पाच बारी. गाठी पडतेत. कॉलेजची पोरगी कपडा वापरते ह्याचं मला जरा नवल वाटलं, पण सगळ्या घरांत पॅड येतातच असं नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? कपडा उन्हात वाळवायचा, कोपऱ्यात दडवून ठेवायचा नाही, हे सगळं मी लिहिलं. आराम करायला सांगितलं. त्यावर आलं, 'सोयाबीन काढायला आलंय ताई, आराम कुठला.' मला वाईट वाटलं. कॉलेज बुडवून तिला काढणीला नेतात म्हणजे, असं मी समजले.

दसऱ्यानंतर ती दवाखान्यात आली. एकटीच. मी उठून उभी राहिले, जणू माझी धाकटी बहीण निकाल घेऊन आली. सिस्टरांनी बोटातून रक्त काढलं, मशीन लावलं आणि त्यावरचा आकडा माझ्याकडं फिरवला. सातच्याही खाली.

"असं कसं?" मी म्हणाले. "तू तर रोज गोळी घेतेस."

ती खाली वाकून मशीनवरचा आकडा बघायला लागली.

"रोज मला कळवतेस ना. हाव ताई, हाव ताई."

"मी?" तिनं मान वर केली. "मॅडम, फोन पप्पाकडं असतो."

पाळीचे दिवस, कपडा, गाठी, हे सगळं मी कुणाला विचारलं होतं? मी खाली बसले. ती उभीच होती, पडद्याची कड बोटात गुंडाळत. मग तिनं सांगितलं. सांगताना मधेच हसायची, मधेच नाक पुसायची.

गोळ्यांची पाकिटं तिनं घरी मिठाच्या डब्याशेजारी ठेवली आणि सांगितलं, कॉलेजात सगळ्यांना घरी न्यायला दिल्या. खोटं बोलली तरी तेवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी माझा मेसेज गेला. फोन वडिलांच्या खिशात, पण सिमकार्ड आईच्या नावावर. बायकांच्या योजनेसाठी तो नंबर बँकेला जोडलेला, त्याच नंबरावर ई-केवायसी झालेली. तेव्हापासून त्या फोनवर सरकारी काही आलं की ते आईचं, हे घरात ठरलेलं. वडिलांनी मेसेज वाचला. गोळी घेतली का? त्यांनी हिशेब जुळवला. गोळ्या पोरीच्या हाती कॉलेजातून पाठवल्या आणि मेसेज बायकोच्या नंबरावर आला, म्हणजे ही बायकांसाठी नवीन योजना आहे. सरकारी मेसेजला उत्तर दिलं नाही तर नाव कटतं, हे त्यांना गावातल्या दोन-चार घरांवरून माहीत होतं. म्हणून मेसेज आला की ताबडतोब उत्तर.

"जेवताना पप्पा मोठ्यानं वाचून दाखवतेत," ती म्हणाली. "मग मम्मीला म्हणतेत, ताईनं इचारलंय, घे गोळी. चहा मागितला की म्हणतेत, तासभर न्हाई, ताईनं नको म्हणलंय. मम्मी चिडती. म्हणती, कोण ही ताई, माझी सासू हाय का?"

"आणि तू?"

"मी पाणी आणून द्यायची."

"अगं, गोळ्या तुझ्या होत्या ना?"

"कसं म्हणू माझ्या हायेत? मग कामून दिल्या इचारलं असतं."

बाहेर सिस्टरांना हसू आवरेना. मग त्या आत आल्या आणि एकदम कडक झाल्या. "बघा मॅडमबाई. रक्त लेकीचं तपासलं, औषध मायला लागलं. आता सांगा बापाला."

"सांगू नका," पोरगी म्हणाली. "आन् मेसेजबी बंद करू नका, मॅडम. मम्मीला बरं वाटायलंय. आधी शेतातून आली की आडवी व्हायची. आता भाकरी करताना पप्पाशी भांडती."

मी त्या दिवशी घरी गेले आणि भात करपवला. मेसेजमध्ये पोरीचं नाव घातलं तर तिचा विश्वास जातो. नाव घातलं नाही तर गोळी दुसऱ्याच्याच तोंडात जाते. मेसेज बंद केले तर आईचं औषध बंद. चालू ठेवले तर जिला मी पाहिलंही नाही तिला, तिच्या नवऱ्याच्या हातून, मी पाळीचे सल्ले देत राहणार. नऊ-नऊ दिवस रक्त जातंय त्या बाईला तपासायला तर हवंच होतं. पुस्तकात गोपनीयतेवर एक अख्खा धडा होता. मला त्यात चांगले मार्क होते. ह्या घरात त्यातलं काय लावायचं ते मला सापडेना.

जास्तीच्या गोळ्या तर मी तिला निघतानाच दिल्या होत्या, दप्तरात ठेवून कॉलेजात डबा खाल्ल्यावर घे म्हणाले होते; गोळी पोटात गेलीच नव्हती म्हणून डॉक्टरांनी लातूरला पाठवणं महिनाभर पुढं ढकललं होतं. शेवटी त्या नंबरावर मेसेज टाकला: 'रक्त तपासायचं आहे. मंगळवारी दवाखान्यात या. - ताई.' नाव नाहीच. कोण येईल ते येईल, असं मी स्वतःला सांगितलं.

मंगळवारी तिघंही आले. वडील पुढं, पांढरा शर्ट, खिशात फोन. मागं आई, डोक्यावर पदर, दम लागलेला. सगळ्यात मागं ती, चेहरा उतरलेला. माझ्याकडं तिनं एकदाच पाहिलं, मी सांगितलं की काय अशा नजरेनं. मी नाही म्हणून मान हलवली. तिला ती दिसली की नाही, देव जाणे.

"ताई, तुम्हीच का मेसेजवाल्या?" वडिलांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांची नजर खाली गेली, ती शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडं आली नाही. आम्ही दोघांनी एकमेकांना काय-काय लिहिलं होतं ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. "नाव कटलं तर न्हाई ना? म्या एकबी मेसेज सोडला न्हाई."

"नाही कटलं."

डॉक्टरांनी आईला तपासलं. रक्त नऊ भरलं, पण गर्भाशयाची सोनोग्राफी उदगीरला करून घ्या म्हणाले. वडिलांनी ते नीट ऐकलं, तारीख विचारली. मग घसा साफ करून मला म्हणाले, "ह्या गोळ्या पहिल्यापासून हिच्याच व्हत्या ना?"

हो म्हणाले तर खोटं, नाही म्हणाले तर त्या पोरीला दिलेला शब्द गेला. मी टेबलावरचा पेन उचलला आणि परत ठेवला.

"पोरीचंबी रक्त बगा," आई म्हणाली.

"तिचं कशाला?" वडील म्हणाले. "ती तर पळती."

"पळून आली की भिंतीला धरून बसती. मला वाटायचं वयच हाय, दमती. मग माझं मला बरं वाटायलं तवा ध्यानात आलं. मीबी तशीच बसत व्हते की." आणि तिनं पोरीचा हात धरून सिस्टरांच्या पुढं केला.

आईला आधीच माहीत होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मिठाच्या डब्याशेजारची पाकिटं कुणाची होती ते एखाद्या आईला कळत नाही असं होतं का? पण कळलं असतं तर तिनं घेतल्या असत्या का? मी हे सिस्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही लई पुस्तकं वाचता." हे काही उत्तर झालं नाही.

सिस्टरांनी पहिल्यांदाच बघतेय असं तोंड करून रक्त तपासलं. आकडा ऐकून वडील स्टुलावर बसले.

"मग पळायचं बंद?" त्यांनी विचारलं. डॉक्टर समोर होते, तरी विचारलं मला.

ती माझ्याकडं बघत होती. आता मात्र तिची नजर हलत नव्हती. महिनाभर तिनं ज्या शब्दाच्या भीतीनं सगळं लपवलं तो शब्द माझ्या तोंडून येणार होता आणि तो खराही होता.

"सध्या बंद," मी म्हणाले. "रक्त दहाच्या वर जाईस्तोवर."

"आन् मग?"

"मग पळू द्या."

"कॉलेज?"

"कॉलेजचा ह्यात काय संबंध?" माझा आवाज चढला. "कॉलेज चालूच राहील. माझ्या बापानं सिमेंट कालवून मला शिकवलं, तुमच्याकडं तर जमीन हाय."

हे दवाखान्यात बोलण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी भुवया वर केल्या. वडिलांनी हातातला फोन खिशात घातला.

"बरं," ते म्हणाले आणि उठले.

बरं म्हणजे काय, मला कळलं नाही. पोरगी माझ्याकडं न बघता बाहेर पडली.

पुढच्या बारीला ती आली ती रागातच. बसायला सांगितलं तरी बसली नाही. रक्त आठाच्या वर गेलं होतं, मी आनंदानं सांगितलं, तिच्यावर काही परिणाम नाही.

"बूट पप्पांनी माळ्यावर टाकलेत," ती म्हणाली.

"कॉलेज?"

"चालू हाय. पण दहा झालं तरी पळू देतील का, मालूम न्हाई. काही बोलत न्हाईत. मी इचारलं की म्हणतेत, ताईला कळतं." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही म्हणला होता ना, मग पळू द्या म्हणून? ते मेसेजमध्ये लिवा. तोंडानं सांगितलेलं पप्पा ध्यानात ठेवत न्हाईत. मेसेज आला की जेवताना वाचतेत. आन् माझं नाव घालून लिवा."

"नाव घालायचं नसतं."

"मीच म्हणायले ना, घाला म्हणून."

मी फोन घेतला. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. मी नाव लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. तिच्या नावाखाली लिहिलं: रक्त वाढतंय. दहा झालं की हिला पळू द्या. डॉक्टरांची परवानगी आहे.

"आता दाबा," ती म्हणाली.

मी दाबलं. तिनं गोळ्यांची पाकिटं दप्तरात टाकली आणि गेली.

मिनिट गेलं, तास गेला, आठवडा गेला. ज्या माणसानं माझा एकही मेसेज सोडला नव्हता त्याचं ह्याला उत्तर आलं नाही. मी दर दोन दिवसांनी फोन उघडून बघायची. एकदा गोळीचा नेहमीचा मेसेज टाकून पाहिला, त्याला लगेच 'हाव ताई, दोघींनीबी' आलं. म्हणजे फोन चालू होता. मग त्या नावाच्या मेसेजचं काय झालं, कुणाला विचारू?

पुढच्या महिन्यात ती दवाखान्यात आली तेव्हा पायात बूट होते. धुतलेले, नाड्या नव्या.

"पप्पांनी काढून दिले?"

"मालूम न्हाई. सकाळी उठले तर दारात ठेवलेले होते. कुणी काही बोललंच न्हाई."

"मम्मीनं?"

"मम्मीचा हात माळ्याला पुरत न्हाई."

रक्त तपासलं. नऊच्या पुढं, दहा अजून झालं नव्हतं. मी तिला म्हणाले, बूट घाल, पण अजून पळू नको, नुसतं चाल. ती खुर्चीत बसून एकदा बुटांकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जोरात चाललं तर चालतंय का?"

मी डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाले.